कुंचला आणि रेघ

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह डोळ्यांपुढे उभे राहतात. त्यातून उरलेली जागा किल्ले, देवळे आणि शिलालेख यांनी भरून जाते. आज आम्ही ज्या विषयाकडे श्रोत्यांचे लक्ष वेधणार आहोत, तो या यादीत कोठेच बसत नाही. तो विषय म्हणजे रेघ. आणि तीही वहीतली नव्हे, तर गाडीच्या साटीवर, चाकाच्या आऱ्यावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आणि मोटारसायकलच्या टाकीवर हाताने ओढलेली रंगाची बारीक रेघ. रेघेचा इतिहास पाहू गेलो तेव्हा आमच्या असे ध्यानात आले की, तो खरोखर कुंचल्याचा इतिहास आहे, आणि कुंचल्याचा इतिहास हा त्याच्या केसांचा आहे. त्या केसांपाशी आल्यावर एक असा प्रश्न उभा राहतो की, ज्याचे उत्तर चित्रकाराइतकेच शेतकऱ्यालाही द्यावे लागते.

आपल्या तेल्हाऱ्यात बाजाराच्या दिवशी घटकाभर रस्त्याच्या कडेला उभे राहावे. सातपुड्याच्या पायथ्याकडच्या खेड्यांतून कापूस, सोयाबीन, तूर भरून ट्रॉल्या येतात. त्यांच्या फळ्यांवर लाल जमिनीवर पिवळी, निळ्यावर पांढरी अशा दुहेरी रेघा ओढलेल्या असतात. बारा-बारा फूट लांबीची रेघ, पण मध्ये कोठे जाड नाही, कोठे बारीक नाही, कोठे जोड दिसत नाही. आपण ती रोज पाहतो आणि रोज विसरतो. मात्र कधी घरी दाराच्या चौकटीवर अशी एक रेघ स्वतः ओढून पाहावी, म्हणजे ती काय चीज आहे हे कळते. आम्ही पाहिली आहे. शाळेच्या सामानातला एक आखूड केसांचा ब्रश घेतला, इनॅमल रंगाचा डबा उघडला आणि फळीवर पट्टी धरून सुरुवात केली. वीतभर रेघ गेली आणि रंग संपला. पुन्हा ब्रश बुडवला, पुन्हा टेकवला. जोडावर गाठ आली. चौथ्या जोडाला रेघेची चऱ्हाटासारखी दशा झाली आणि पट्टीच्या खाली रंग शिरून फळी बरबटली ती वेगळीच.

गावातले एक वृद्ध पेंटर शेजारी उभे राहून हे सारे पाहत होते. ते हसले नाहीत. एवढेच म्हणाले, "सर, तुमी रेघ मारून राह्यले. रेघ मारत नसतात, रेघ ओढा लागते. अन् या ब्रशाच्या पोटात रंगच राह्यत नाही, तं तो चालन कसा?"

ब्रशाच्या पोटात रंग राहिला पाहिजे. या एका वाक्यात दीड हजार वर्षांचा अनुभव आहे, हे आम्हांला त्या वेळी ठाऊक नव्हते.

दीड हजार वर्षे म्हणण्यास आधार अजिंठ्याचा आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या नादात तेथे पोचला आणि लेण्यांची जगाला नव्याने ओळख झाली, ही कथा सर्वांस माहीत आहे. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट मात्र तितकीशी सांगितली जात नाही. अजिंठ्याचे सोळावे लेणे ज्या वराहदेवाने खोदविले, तो वाकाटक राजा हरिषेण याचा प्रधान होता, आणि हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आपले वाशीम. १ जुलै १९९८ रोजी वाशीमचा वेगळा जिल्हा झाला; तोपर्यंत ते आपल्या अकोला जिल्ह्यातच होते. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याच्या भिंतींवर ज्या रेघा उमटल्या, त्यांच्यामागे वऱ्हाडच्या राजसत्तेचे पाठबळ होते.

त्या रेघा कशा आहेत? चित्रकार भिंतीच्या गुळगुळीत लेपावर प्रथम गेरूच्या लाल रंगाने आकृती रेखून घेई, मग आत रंग भरी, आणि अखेरीस गडद रेघेने आकृती पुन्हा निश्चित करी. खांद्यापासून मनगटापर्यंत उतरणारी रेघ एका दमात ओढलेली दिसते. कोठे ती दाबून रुंद केलेली, कोठे उचलून केसासारखी बारीक केलेली असते. रॉबर्ट गिल याने १८४४ पासून कित्येक वर्षे तेथे राहून या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा प्रतिकृती केल्या, आणि त्यांतील पुष्कळ १८८५ मध्ये लंडनलाच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. इतके परिश्रम त्या माणसांनी कशासाठी घेतले असतील? आमच्या मते त्या रेघांसाठी. रंग एक वेळ नकलता येतो. रेघ नकलायची तर हात, श्वास आणि कुंचला ही तिन्ही मूळ चित्रकाराच्या तोलाची लागतात.

आपल्या प्राचीन शास्त्रकारांनी हे मर्म ओळखले होते. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रात चित्र पाहणाऱ्यांची प्रतवारी लावली आहे. त्यात सामान्य लोक रंगांच्या समृद्धीवर भुलतात, असे म्हटले आहे, पण आचार्यांच्या पसंतीचा मान दिला आहे तो रेखेला. आणि रेखेच्या हत्याराविषयी तपशिलाने सांगणारा ग्रंथ पाहायचा तर तो मानसोल्लास. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला हा ग्रंथ सुमारे ११३० सालचा. ती कल्याणी म्हणजे आजचे कर्नाटकातील बसवकल्याण. राजाने काय खावे, कोणते खेळ खेळावे, हत्ती कसा पारखावा, असे नाना विषय त्यात आहेत. त्यांत कुंचला कसा बांधावा हाही एक आहे. राजाच्या नावाचा ग्रंथ कुंचल्याची कृती सांगतो, यावरून त्या काळी या वस्तूचा केवढा मान होता हे दिसते.

त्या ग्रंथाप्रमाणे कुंचल्याला केस घ्यायचे ते वासराच्या कानातले. ते लाखेने घट्ट बसवायचे. कुंचले तीन प्रकारचे करायचे: जाड, मध्यम आणि सूक्ष्म. जाड कुंचल्याने रंगाचा लेप द्यायचा, मध्यम कुंचला कडेवर धरून आकृती आखायची, आणि सूक्ष्म कुंचल्याच्या टोकाने बारीक रेखा काढायच्या. आजच्या पेंटरची पिशवी उघडून पाहा. भरायचा चपटा ब्रश, अक्षरांचा गोल ब्रश आणि रेघेचा लांब केसांचा ब्रश, असे तीन वर्ग तेथेही आढळतील. मधल्या नऊशे वर्षांत राज्ये आली आणि गेली, पण पिशवीतली वाटणी बदलली नाही. कारण ती कोणाच्या आज्ञेने झालेली नसून कामाच्या गरजेने झालेली आहे.

आता त्या पोटात राहणाऱ्या रंगाकडे वळू. प्राण्याचा केस आपल्याला गुळगुळीत दिसतो. भिंगाखाली मात्र त्यावर माशासारखे बारीक खवले दिसतात. अशा शेकडो केसांची जुडी बांधली की केसाकेसांमध्ये सूक्ष्म फटी राहतात, आणि वातीत तेल चढावे तसा रंग त्या फटींत चढून बसतो. कुंचला पृष्ठावर टेकला की तो रंग हळूहळू टोकाकडे उतरतो. केस जितका लांब तितका रंगाचा साठा मोठा, आणि साठा मोठा तितकी रेघ लांब. म्हणून अक्षरे काढायला इंचभर केसांचा ब्रश पुरतो, पण रेघेच्या ब्रशाला दीड-दोन इंच केस लागतात. दुसरा प्रश्न केसाच्या स्वभावाचा. काही केस ताठ आणि उसळणारे असतात. दाबून सोडले की लगेच सरळ होतात. अक्षरांचे फाटे, वेलबुट्टी, नाकाडोळ्यांची रेखणी यांना असा केस चांगला. लांब रेघेला मात्र उसळणारा केस घातक ठरतो, कारण हाताचा प्रत्येक कंप तो रेघेत उतरवितो. तेथे मऊ, आळशी केस हवा, म्हणजे तो पृष्ठावर निमूटपणे आडवा पडतो आणि हाताच्या मागे फरफटत येतो. लांबीमुळे हाताचा कंप टोकापर्यंत पोचेपर्यंत विरून जातो.

पाश्चात्त्य देशांत हे तत्त्व घोडागाडीच्या कारखान्यांत पूर्णत्वास गेले. विलायतेत उमरावांच्या गाड्यांना रंगाचे आणि रोगणाचे हात एकावर एक देत, मधूनमधून घासून काढीत, आणि अखेरीस रेघा ओढण्यासाठी खास वेगळा कारागीर येई. रेघेचे तेथे काम काय? शोभा हे एक. पण तेवढेच नव्हे. मोठी सपाट बाजू डोळ्याला जड वाटते. कडेने रेघ फिरविली की ती आटोपशीर दिसते. चाकाच्या जाड आऱ्यावर मधोमध रेघ घातली की आरा सडपातळ भासतो. लाकडाचा सांधा रेघेखाली झाकतो. हा डोळ्यांचा हिशेब आपल्या बंडी-दमणी रंगविणाऱ्यालाही ठाऊक होता. तिकडे या कामासाठी तलवारीच्या पात्याच्या आकाराचा कुंचला निघाला. त्याची मूठ बोटभर लांब, केस तिरपे होत एका कडेला टोक काढलेले. त्यात बहुधा खारीच्या शेपटीचा केस असे. तिकडच्या बाजारात ज्याला 'उंटाचा केस' म्हणून विकत, त्यातही उंटाचा एकही केस नसे. तोही खारीचा, नाहीतर घोड्या-बोकडाचा असे. धातूची नळी येण्यापूर्वी तेथे केसांची जुडी पक्ष्याच्या पिसाच्या पोकळ दांड्यात बसवीत, आणि त्यामुळे ब्रशांचे आकार कावळा, बदक, हंस अशा नावांनी ओळखले जात.

वऱ्हाडात हे वारे आगगाडीच्या पाठोपाठ आले, असे म्हणावयास हरकत नाही. भुसावळहून नागपूरला जाणारा लोहमार्ग १८६७ मध्ये पुरा झाला. त्यापूर्वी रंगाची परंपरा येथे नव्हती असे नाही. पोळ्याला बैलांची शिंगे रंगवून त्यांवर बेगड चिकटविणे, भिंतीला चुना देऊन खाली गेरूचा पट्टा ओढणे, उंबऱ्यावर रेघा काढणे, हे घरोघर चालत आले आहे. चुन्याला घायपाताचा कुंचा चाले. बारीक कामाला काडीचे टोक ठेचले की झाले. आपल्याच महाराष्ट्रातले वारली चित्रकार बांबूच्या काडीचे टोक चावून त्याच्या तंतूंचा कुंचला करतात, आणि अशाच काडीने तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ काढणारे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. काडीच्या कुंचल्याला रंग थोडा धरतो, म्हणून त्याची रेघ आखूड असते. आणि त्या आखूड रेघेतून वारल्यांची चित्रशैली घडली. हत्यार रेघेला घडविते आणि रेघ शैलीला घडविते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

आगगाडीने आणि तिच्या मागोमाग आलेल्या टांग्यांनी, सायकलींनी, मोटारींनी डब्यातला तेली रंग आणला. पूर्वी रंग खलावा लागे, तेल उकळावे लागे. डबा आला आणि गावोगाव पेंटर हा एक धंदा उभा राहिला. कलकत्त्यास १९०२ साली शालिमारचा कारखाना निघाला. मुंबईत १९४२ साली एशियन पेंट्स निघाली. त्या कंपनीसाठी आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली 'गट्टू' नावाचा खट्याळ पोरगा काढला. कपाळावर केसांची बट आणि हातात रंग ठिबकणारा ब्रश. हा पोरगा पुढे जवळजवळ अर्धशतक दुकानांच्या पाट्यांवर झळकत होता. आमच्या पिढीला ब्रश या वस्तूची पहिली ओळख करून दिली ती बहुधा त्यानेच. त्याच्या ब्रशातून रंग ठिबके, हे मात्र आमच्या वृद्ध पेंटरांना कधी पसंत पडले नाही. "ज्याच्या ब्रशातून रंग गळते, तो पेंटर नोय," असे ते म्हणत.

त्यांच्याकडून आम्ही जे शिकलो ते येथे थोडक्यात सांगतो; कारण श्रोत्यांपैकी कोणाला घरचे दार वा मुलाची सायकल रंगवायची झाली तर उपयोगी पडेल.

ब्रश घेताना मूठ पाहू नये, केस पाहावा. दुकानातच तो पाण्यात बुडवून एक झटका द्यावा. सर्व केस मिळून एकच टोक अथवा एकच धार झाली पाहिजे. टोक दुभंगले तर तो ब्रश परत करावा. केसांची टोके निसर्गतः निमुळती असावीत. कात्रीने छाटून सारखी केलेली असतील तर रेघेला धार येत नाही. चिमटीत धरून हलकेच ओढावे. केस हाती आले तर उद्या ते रंगात येतील. धातूची नळी घट्ट आवळलेली असावी आणि केसांचे बूड नळीपाशी भरदार असावे, कारण तेच त्याचे पोट.

रंग सायीपेक्षा पातळ आणि दुधापेक्षा दाट असावा. दाट रंगाची रेघ अडखळते, पातळ रंगाची पसरते. ब्रश डब्यात बुडवून थेट गाडीवर नेऊ नये. काचेच्या तुकड्यावर किंवा गुळगुळीत कागदावर तो दोन्ही बाजूंनी पुनःपुन्हा ओढावा, म्हणजे रंग बुडापर्यंत भिनतो, जास्तीचा निघून जातो आणि केसांची धार बसते. ज्या पत्र्यावर रेघ ओढायची तो साबणाने धुऊन कोरडा केलेला असावा. बोटाचा तेलकट डागही रंगाला धरू देत नाही. सरळ रेघेसाठी खडूची दोरी ताणून तिचा ठसा उमटवावा. सुतार याला सूत मारणे म्हणतो, आणि सुतार हा शब्दच मुळी सूत धरणाऱ्याचा आहे.

मग करंगळी पत्र्यावर टेकवून तिचा आधार घ्यावा, ब्रशाचे केस लांबीने आडवे टेकवावे आणि आपल्याकडे ओढीत मागे सरावे. हात ओढायचा नाही, अंग सरकवायचे. जास्त दाबले की रेघ रुंद होते, कमी दाबले की बारीक. म्हणून आरंभी जो दाब असेल तोच शेवटपर्यंत राखावा. "ब्रशाले पाहू नोका, सर," ते म्हणाले. "रेघ जिथं जाणार हाय, तिथं पाहा. नजर गेली म्हंजे हात जाते." चूक झाली तर घाबरू नये. इनॅमल सावकाश वाळतो, हा त्याचा दोष असला तरी शिकाऱ्याला तो वरदान आहे. रॉकेलचा बोळा फिरविला की रेघ पुसली जाते. काम संपल्यावर ब्रश रॉकेलने आणि मग साबणाने धुवावा, केसांना किंचित तेल लावून बोटांनी धार बसवावी आणि आडवा ठेवावा. डब्यात टोकावर उभा ठेवलेला ब्रश रातोरात वाकडा होतो आणि पुन्हा सरळ होत नाही.

त्यांच्या कापडी गुंडाळीत सर्वांत आत एक ब्रश होता. केस चाळीस वर्षांत झिजून अर्ध्यावर आलेले, पण टोक अजून सुईसारखे. त्या केसांवर फिकट आणि गडद असे पट्टे होते. आम्ही विचारले, हा कशाचा? ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मुंगसाचा. आता नाही घेत मी."

येथून या विषयाला दुसरे वळण लागते. ज्या केसाने आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांनी अक्षरे आणि वेलबुट्ट्या काढल्या, तो पुष्कळदा मुंगसाचा होता. लवचीक, निमुळता, रंग धरणारा आणि टिकाऊ, असा तो केस. पण मेंढीची लोकर कातरावी तसा तो काढता येत नाही. त्यासाठी मुंगूस मारावे लागते, आणि वन्यजीवांसाठी झटणाऱ्यांचा हिशेब असा आहे की, एका मुंगसापासून ब्रशाच्या उपयोगी पडेल असा केस जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम निघतो. म्हणजे एक किलो केसांसाठी पन्नासच्या आसपास मुंगसे. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला मुंगूस म्हणजे काय हे आम्ही सांगायला नको. कपाशीच्या धुऱ्यावरून झपकन आडवे जाणारे ते जनावर उंदीर खाते, सापाशी झुंजते. पेरणीच्या दिवसांत अनवाणी शेतात वावरणाऱ्या माणसांचा तो बिनपगारी राखणदार आहे. शहरातल्या पाटीवरची वेलांटी सुबक यावी म्हणून धुऱ्यावरचा राखणदार मारला जावा, असा हा सौदा होता, आणि तो सौदा आपण होत आहे हे न जाणता केला.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. २००२ साली मुंगसाला त्याखाली अधिक कडक संरक्षण मिळाले. मुंगसाची शिकार, त्याच्या केसांचा साठा आणि त्या केसांच्या ब्रशांचा व्यापार, हे सर्व गुन्हे ठरले. तरी धंदा गुपचूप चालूच राहिला. २०१९ साली वन्यजीव गुन्हे रोखणाऱ्या केंद्रीय विभागाने 'ऑपरेशन क्लीन आर्ट' या नावाने महाराष्ट्रासह अनेक राज्यांत छापे घातले. उत्तर प्रदेशातील ब्रशांसाठी प्रसिद्ध असलेल्या शेरकोट गावापासून मुंबई-पुण्यापर्यंत हजारो ब्रश आणि मणांनी मोजावा इतका कच्चा केस हाती लागला. आमच्यासारख्या मास्तरांनी शाळेच्या चित्रकलेच्या तासाला मुलांना कोणते ब्रश वापरायला लावले असतील, हा विचार मनात आला आणि मान खाली गेली.

खारीचेही नाव त्याच १९७२ च्या कायद्याच्या सूचीत आले आहे. मग आता रेघ कशाने ओढायची? कायद्याने कला बुडाली, अशी तक्रार काही ठिकाणी ऐकू येते. ती आम्हांला मान्य नाही. सोमेश्वराच्या ग्रंथाने वासराच्या कानाचा केस सांगितला. त्यासाठी वासरू मारावे लागत नव्हते. बोकडाचा केस आहे. तो मऊ असून रंग चांगला धरतो. आणि कृत्रिम केस आहे, ज्याकडे जुने कारागीर अजून संशयाने पाहतात. नायलॉन या पदार्थाचा बाजारातला पहिला उपयोग मोजे करण्यासाठी झाला, असा पुष्कळांचा समज आहे. वास्तविक १९३८ साली अमेरिकेत तो प्रथम विकला गेला तो दात घासण्याच्या ब्रशाचे केस म्हणून. तोवर ते रानडुकराच्या राठ केसांचे करीत. आरंभीचा नायलॉनचा केस काचेसारखा गुळगुळीत होता, रंग त्यावर ठरत नसे, हे खरे. आता जाडबारीक तंतू मिसळून, टोके निमुळती करून बनविलेले ब्रश मिळतात आणि त्यांच्या पोटात रंग बऱ्यापैकी राहतो. आमच्या पेंटरांनी अशाच एका ब्रशाने आमच्यासमोर आठ फुटांची रेघ ओढली. सवय व्हायला एक पावसाळा गेला, असे ते म्हणाले. नऊशे वर्षांच्या परंपरेला एक पावसाळा फार नव्हे.

श्रोत्यांनाही एक पारख सांगून ठेवतो. दुकानदार केसाचे नाव काहीही सांगो, एक केस उपटून जाळून पाहावा. कृत्रिम असेल तर वितळून त्याची घट्ट गोळी होते. प्राण्याचा असेल तर जळक्या केसाचा वास येतो आणि राख चिमटीत चुरते. प्राण्याचा निघाला आणि त्यावर फिकट-गडद पट्टे असले, तर तो ब्रश घेऊ नये.

या कलेला धोका आहे तो कायद्याकडून नव्हे, दुसऱ्याच दिशेने. गाडीवर आता चिकटपट्टीच्या रेघा येतात. आपण त्यांना रेडियम म्हणतो. पाट्यांच्या जागी फ्लेक्स आले. ट्रकच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहिण्यास महाराष्ट्र शासनाने ३० एप्रिल २०१५ रोजी मनाई केली. कर्कश भोंग्यांना त्याने उत्तेजन मिळते हे कारण योग्यच होते, पण पेंटरच्या मिळकतीतली एक ओळ तिथे पुसली गेली. असे असूनही रेघ मेली नाही, याची दोन उदाहरणे आहेत. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात हाताने रेघ ओढण्याची कला कारखान्यांतून जवळजवळ हद्दपार झाली होती. तेव्हा केनेथ हॉवर्ड, ज्याला लोक व्हॉन डच म्हणत, त्याने मोटारींवर रेघांची अशी नक्षी काढली की तरुणांची त्याच्यापाशी रीघ लागली. आणि आपल्याच देशात, मद्रासला १९५५ पासून बनू लागलेल्या एनफिल्ड मोटारसायकलींच्या टाकीवरची सोनेरी रेघ यंत्राच्या युगातही कारागीर हातानेच ओढीत आले. यंत्राने सारी गाडी घडविल्यावर अखेरची रेघ माणसाच्या बोटांवर सोडावी, असे त्या कारखानदारांना वाटले, यात शहाणपण आहे. चिकटपट्टीची रेघ निर्दोष असते खरी, पण ती चार उन्हाळ्यांनी सुटू लागते आणि कोपऱ्यातून सोलून निघते. रंगाची रेघ रोगणाबरोबर गाडीशी एकजीव होते आणि गाडीबरोबर म्हातारी होते.

आमचे सांगणे एवढेच आहे. वाशीमच्या राजसत्तेच्या काळी अजिंठ्याच्या भिंतीवर रेघ ओढणारा, कल्याणीच्या राजासाठी कुंचले बांधणारा आणि आज तेल्हाऱ्याच्या बाजाराबाहेर ट्रॉलीवर पिवळी रेघ ओढणारा, हे एकाच घराण्याचे आहेत. या घराण्याची वंशावळ रक्ताने चालली नाही. हत्याराने आणि हातवळणाने चालली. ती पुढे चालावी अशी आपली इच्छा असेल तर दोन गोष्टी आपल्या हाती आहेत. पुढच्या पोळ्याला बंडी, ट्रॉली किंवा दुकानाची पाटी रंगवायची झाली, तर ती हाताने रंगवून घ्यावी आणि त्याचे योग्य मोल द्यावे. आणि पेंटरच्या हाती कोणता ब्रश आहे, हे विचारावे. त्या प्रश्नाचा त्याला राग येणार नाही. आमच्या वृद्ध पेंटरांना तो आम्ही विचारला, तेव्हा त्यांनी तो पट्टेदार केसांचा जुना ब्रश पुन्हा कापडात गुंडाळला आणि म्हणाले, "बापाची आठवण हाय म्हणून ठेवला. काम मात्र याच्यानं नाही करत. धुऱ्यावर फिरते तेच बरं दिसते त्याले."

कलेचा अभिमान आणि तिच्या चुकीची जाणीव, दोन्ही एकाच गुंडाळीत नीट ठेवता येतात, हे आम्हांला त्या दिवशी त्या कारागिराने शिकविले. इतिहासाच्या अभ्यासकाला याहून अधिक काय शिकायचे असते?